मागचं दार

वरवंट्याचा घाव कुलपावर बसायचा तो कोयंड्यावर बसला आणि वनमालाच्या मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. जाळीच्या दारामागे पोरी ओरडत होत्या. त्यांच्या डोक्यांवरून धूर बाहेर येत होता आणि त्याला जळक्या वायरीचा वास होता.

"जाळीपासून मागं सरा! हाताला लागंल!"

पण मागे सरणार कुठे? मागे धूर होता. पोरी एकमेकींना जाळीवर दाबत होत्या. वनमालाने वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि पुन्हा घातला. पाच मिनिटांपूर्वी ती स्वयंपाकघरात स्वयंपाकीण भिवराबाईसोबत ठेचा वाटत बसली होती. सुट्टीची दुपार, पोरी जेवून आडव्या झालेल्या, आणि दाराला बाहेरून कुलूप. सुट्टीच्या दिवशी कुलूप असायचंच. किल्ली वॉचमन त्रिंबकच्या खिशात, आणि खिसा त्रिंबकसोबत वडवणीच्या बाजारात भाजीचा भाव करत फिरत होता.

कुलूप काही तुटलं नाही. कोयंडाच उपटून आला. दार उघडलं तशा पोरी एकमेकींच्या अंगावरून अंगणात सांडल्या. वनमालाने व्हरांड्यातला आग विझवायचा लाल सिलिंडर भिंतीवरून ओढून काढला. त्याच्या पोटावर हळदी-कुंकवाची पाच बोटं उमटलेली. गळ्यात झेंडूची वाळलेली माळ. आणि मुठीभोवती, जी पिन ओढायची तिच्याभोवती, लाल नाड्याचे करकचून वेढे. खंडेनवमीला त्रिंबकने पाण्याची मोटार, ऑफिसातला कॉम्प्युटर, विळी, सायकल, सगळ्यांची पूजा मांडली होती, त्यात हाही बसला होता. गाठ पक्की मारली नाही तर पूजा पावत नाही, असं त्रिंबकचं मत असावं. वनमालाने नखं लावली, दात लावले. गाठ ढिम्म हलेना.

शेवटी आग विझवली ती भिवराबाईने. आधी मेन स्विच खाली ओढला, मग अंगणातली माती घमेल्याने नेऊन गाद्यांवर ओतली. बोर्ड वितळून भिंतीवर ओघळला होता, दोन गाद्या जळून गेल्या होत्या, अर्धी भिंत काळी झाली होती. एका पोरीची वेणी होरपळली होती आणि बाकीच्या संध्याकाळपर्यंत खोकत होत्या.

कुणी मेलं नाही. पुढे दोन दिवस हेच वाक्य गावभर फिरलं. सरपंच म्हणाले, तलाठी म्हणाले, त्रिंबकने तर हात जोडून म्हटलं. आणि दर वेळी ते ऐकलं की वनमालाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मेलं नाही म्हणजे जणू काही घडलंच नाही! तीन वर्षं ती या वसतिगृहाची अधीक्षिका होती. आईबाप ऊस तोडायला गेले की गावात मागे राहणाऱ्या पोरींसाठी संस्थेने हे चालवलेलं. तीन वर्षं ती बंद केलेलं मागचं दार उघडण्यासाठी अर्ज-विनंत्या करत होती, आणि तीन वर्षं संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव "बघू" म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनराव स्वतः आले. गाडीतून उतरले ते हातात पुठ्ठ्याचा डबा घेऊन. टेबलावर त्यांनी तो उघडला. आत कुलूप होतं, तळहातापेक्षा मोठं, पितळेसारखं चकचकीत.

"हे घ्या बाई. वरवंट्यानं काय, घणानं तुटायचं न्हाई."

वनमालाला आधी वाटलं ते चेष्टा करताहेत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"दादा, पोरी आत कोंडल्या होत्या."

"म्हणून तर किल्ली आता दोन माणसांकडं ठेवू. एक त्रिंबक, एक तुमी. बोर्ड नवा बसवून घेतो. भिंतीला चुना मारतो. गाद्या तर काय, माझ्या वाढदिवसाला पुन्हा देऊच."

"मागच्या दाराचं वेल्डिंग काढा. आणि पुढच्या दाराला बाहेरून कुलूप नको, आतून कडी पाहिजे."

अर्जुनरावांनी चहाचा कप बशीत ठेवला. त्यांना राग येत नसे, ही त्यांची खरी ताकद. समोरचा संतापून संतापून दमला की ते हळूच आपलं काम करून घेत.

"ते दार मी हौसेनं बंद केलं काय? मागं रस्ता हाय. पोरं गाड्या घिऊन चकरा मारायची, चिठ्ठ्या टाकायची. बंद करा म्हणून कोण आलतं माझ्याकडं, माहितीये का?"

"कोण?"

"आज तोडीला जायच्या आधी वाड्या-वस्त्यांवरून टोळीचे लोक येणार हायेत पोरींना भेटायला. त्यांनाच इचारा."

"विचारते. सगळं सांगते त्यांना. काही लपवणार नाही."

"सांगा की," अर्जुनराव म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. "मी बसतो इथंच."

त्यांचा तो निवांतपणा वनमालाला खटकला. पण तिला खात्री होती. आईबाप आहेत, पोटची पोर धुरात कोंडलेली ऐकल्यावर ते या माणसाला गाडीत बसू देणार नाहीत. तिने मनातल्या मनात सगळं जुळवून ठेवलं, कुठून सुरुवात करायची, काय काय दाखवायचं. तीन वर्षं साठलेलं आज सगळं बाहेर काढायचं होतं.

दुपारी टोळीचा ट्रक वेशीपाशी येऊन थांबला. भांडीकुंडी, उसाच्या फडावर राहायला उभारायच्या कोप्यांचे बांबू, त्यांच्या भिंतींचे तट्टे, सरपणाच्या मोळ्या, वर एक शेळी. दिवस मावळायच्या आत निघायचं होतं, कारखाना लांबचा होता. माणसं वसतिगृहाच्या व्हरांड्यात येऊन बसली, बाप्ये एकीकडे, बाया एकीकडे. पोरी आयांना बिलगल्या. सातवीतली स्वप्ना तेवढी खांबाला टेकून लांब उभी होती. तिची आई शिवकन्या पदर खोचून पहिल्याच ओळीत बसलेली, वाळकी, काळी, ऊस वाहून मानेचा कणा वर आलेला. बाप धर्मराज मागे भिंतीला पाठ लावून तंबाखू मळत होता.

वनमालाने सगळं सांगितलं. कुलूप, किल्ली, वरवंटा, नाडा बांधलेला सिलिंडर. सांगता सांगता तिचा आवाज चढला. अर्जुनरावांकडे बोट करून ती म्हणाली, "तीन वर्षं सांगतेय मी यांना. तीन वर्षं! आणि आज हे काय घेऊन आलेत? तर नवं कुलूप."

एक म्हातारा खोकला. धर्मराजने तंबाखू तोंडात टाकली आणि टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं.

"मजबूत दिसतंय," तो म्हणाला.

वनमालाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"काय?"

"कुलूप म्हंतो मी. चांगलं हाय. जुनं लईच बारीक व्हतं."

बायांमध्ये कुजबूज झाली, माना हलल्या. वनमालाने शिवकन्येकडे पाहिलं.

"शिवकन्याबाई, तुमी तरी सांगा. तुमची स्वप्ना आत होती."

शिवकन्या बसल्या जागेवरूनच बोलली, खाली बघत, पण एकेक शब्द ठाम.

"बाई, तुमी चांगल्या हायेत. तुमी दार फोडलं, तुमचं उपकार न्हाई फिटायचे. पर कुलूप पायजे. मी सहा म्हैने तिकडं असते. हितं माझी वयात आल्याली पोर. आजी न्हाई, चुलता न्हाई, कुणी न्हाई. कुलूप हाय म्हणून तर रातच्याला डोळा लागतो. तुमी कुलूप काढा, मी पोरीला संगट नेते. न्हाईतर लगीन लावून मोकळी व्हते, पाव्हणे दोनदा येऊन गेलेत."

खांबाला टेकलेल्या स्वप्नाने मान वळवली.

"दार बंद करायला आमीच गेलतो अर्जुनदादाकडं," धर्मराज म्हणाला. "त्येंचा काय दोष न्हाई."

अर्जुनराव खुर्चीत आणखी मागे रेलले. बोलायची गरजच नव्हती. वनमाला उभीच राहिली. आता संताप कुणावर काढायचा तेच तिला कळेना. याच माणसांसाठी ती नोकरी पणाला लावून बोलत होती, आणि हीच माणसं आपल्या पोरींना कोंडून घालायला कुलूप मागत होती. बरं, त्यांना मूर्ख म्हणावं तर तेही जमत नव्हतं. ज्या भीतीने कुलूप मागत होते ती भीती खोटी नव्हती.

"आन् आग कुठं रोज लागती?" कुणीतरी मागून म्हणालं. "कोपीत लागती. ही सिमीटाची बिल्डिंग हाय."

"तेच म्हंते मी," शिवकन्या म्हणाली. "कोपी पाचटाची, काडी पडली की भस्म. आमी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून तर पोरीला हितं ठिवली. सिमीट जळतंय व्हय?"

वनमालाने एकदम तिचा दंड धरला. असं तिने आजवर कुठल्याही पालकाला केलं नव्हतं.

"चला."

"कुठं?"

"चला आत. डोळ्यांनी बघितलंय म्हणता ना, हेही बघा."

खोलीत अजून उग्र वास होता. काळी भिंत तशीच होती. वनमालाने मुद्दाम झाडूनही घेतलं नव्हतं. शिवकन्या दारातच थांबली, मग आत आली. वितळलेल्या बोर्डाखाली उभी राहून तिने भिंतीवर बोट ओढलं, काजळी चिमटीत घेऊन पाहिली. तिच्या मागोमाग आणखी दोघी-तिघी आल्या. धर्मराज दारात थांबला.

"गाद्या जळाल्या," ती म्हणाली. "भिंत हाय की जागेवर."

वनमालाला रडू फुटेल असं वाटलं.

"आई," मागून स्वप्ना म्हणाली. ती कधी आत आली कुणाला कळलं नव्हतं. "आमी आधी तिकडं गेलतो."

"कुठं?"

स्वप्नाने खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे हात केला. तिथे मागचं दार होतं, पत्र्याचं, चौकटीला चारी बाजूंनी वेल्डिंगचे ठिपके मारलेलं. त्याच्यावर पोरींनी दोरी बांधून ओढण्या वाळत घातल्या होत्या.

"धूर पुढं व्हता. म्हणून आमी सगळ्या मागं पळालो. दार हाय म्हणून. लई ढकललं. मग काहीच दिसंना. मग हात धरून धुरातनंच पुढं आलो."

हे वनमालालाही माहीत नव्हतं. दोन दिवस पोरी तिच्या डोळ्यांसमोर होत्या, पण कुणी हे बोललं नव्हतं. आणि आपण विचारलंही नाही, हे तिच्या लक्षात आलं.

शिवकन्या त्या दारापाशी गेली. ओढण्या बाजूला सारल्या. पत्र्यावर पोरींच्या हातांचे डाग होते. तिने दाराला खांदा लावला. मग एक पाऊल मागे आली आणि तिने दारावर लाथ घातली.

धर्मराज दारातून आत आला. ती लाथ त्याला चांगली ओळखीची होती. फडावर कोपी उभी राहिली की चूल मांडायच्या आधी बाई आत शिरते आणि मागच्या तट्ट्याला लाथ घालून बघते. तट्टा हलला पाहिजे. रात्री पाचट पेटलं तर पुढच्या दाराची वाट बघायची नसते, पोरं काखेत मारून मागचा तट्टा फोडायचा आणि उसाच्या रानात शिरायचं. तट्टा हलला नाही तर बाई नवऱ्याला दोन शिव्या घालते, आणि बांधणी सैल करून घेतल्याशिवाय तव्याला हात लावत नाही.

पत्रा नुसता दणाणला. शिवकन्येने दुसरी लाथ घातली. तिसरी बाजूच्या भिंतीला घातली, आणि तिच्या पायातली चप्पल उडून कॉटखाली गेली. भिंत सिमेंटची होती, ती कशाला हलते.

ती तशीच उभी राहिली, एका पायात चप्पल.

"हलत न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई," धर्मराज म्हणाला.

ती वळली तेव्हा तिचा चेहरा बघून वनमालाच नकळत बाजूला झाली. शिवकन्या सरळ व्हरांड्यात गेली, अर्जुनरावांच्या टेबलासमोर.

"दादा, मागचं दार फोडायचं हाय."

"अगं, आत्ताच तर कुलूप पायजे म्हणालीस."

"ट्रक सुटायच्या आत फोडायचं. न्हाईतर पोरगी माझ्यासंगट कोपीत येती. तिथं मरायची येळ आली तर तट्टा तरी फाडता येतो."

"असं कसं फोडता येतं बाई? ठराव घ्यावा लागतो, वेल्डर बोलवावा लागतो. संस्थेची मालमत्ता हाय ती."

"पोरगी माझी हाय," शिवकन्या म्हणाली, आणि ट्रककडे चालू लागली.

ती परतली ती पहार घेऊन. कोपीचे बांबू रोवायला खड्डे करतात ती. धर्मराजने तिच्या हातातून घेतली. आणखी दोघे उठले. अर्जुनरावांनी पहिल्यांदाच आवाज चढवला, वनमालाचं नाव घेऊन म्हणाले, हे तुम्ही करवताय, याची जबाबदारी तुमच्यावर येईल, लक्षात ठेवा.

"येऊ द्या," वनमाला म्हणाली. तिचा आवाज शांत होता, याचं तिलाच नवल वाटलं.

त्रिंबक अंगणात घुटमळत होता. वनमालाने भिंतीवरचा सिलिंडर काढून त्याच्या हातात दिला, वर विळी दिली, आणि नाडा कापायला बसवलं. तो बिचारा नाडा कापायच्या आधी सिलिंडरला नमस्कार करायला लागला, तेव्हा भिवराबाईने त्याला अशी एक शिवी हासडली की पोरी हसल्या. तीन दिवसांत त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

पहारीच्या घावांनी इमारत घुमत होती. वेल्डिंगचे ठिपके एकेक करून सुटले. दार सुटलं तरी बाहेर जाईना, म्हणून धर्मराज फेरी मारून मागे गेला, आणि त्याचा शिव्या घालण्याचा आवाज आतपर्यंत आला. दाराला लावून छातीइतक्या उंच गेल्या सालच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या होत्या, स्वयंपाकघराच्या चुलीसाठी. एखादी ठिणगी पडायचीच वाट. भिवराबाई तोंडाला पदर लावून मुकाट त्या हलवायला धावली. रचल्या तिनेच होत्या.

दार उघडलं आणि खोलीत मागच्या रानाचा वारा आला.

"आता आतून कडी बसवू," वनमाला म्हणाली. "पुढच्या दाराला पण. बाहेरून काहीच नको."

शिवकन्येने मान हलवली. "कडी कच्ची. बाहेरून एका धक्क्यात तुटती. आडणा लावा. आडवं लाकूड. आतनं घातलं तर बाप्या माणूस धडका मारून मेला तरी दार हलत न्हाई. आन् आतल्या पोरीनं उचललं की सुटलं."

धर्मराजने ट्रकवरचा कोपीचा एक जाड बांबू काढला आणि मापाने दोन तुकडे केले. यंदा त्यांची कोपी एका बाजूने बुटकी होणार होती. चौकटीला दोन्ही बाजूंनी आणि दाराला मध्ये पत्र्याच्या पट्ट्या वाकवून खोबणी केली. काम ओबडधोबड होतं. अर्जुनराव कधी गेले कुणाच्या लक्षात आलं नाही. कुलपाचा डबा टेबलावरच राहिला होता.

वेशीवरून ट्रकचा हॉर्न वाजला. माणसं उठली, बाया पोरींच्या तोंडावरून हात फिरवू लागल्या. शिवकन्या मात्र खोलीतच होती.

"झोप," तिने स्वप्नाला सांगितलं.

"आता?"

"कॉटवर झोप. डोळे मीट. आग लागली. ऊठ आन् बाहेर ये."

स्वप्ना ओशाळून कॉटवर आडवी झाली, उठली, धावत मागच्या दाराशी गेली, आडणा उचलला आणि बाहेर पडली. बाहेरून डोकं आत घालून हसली.

"डोळे उघडलेस," शिवकन्या म्हणाली. "धुरात दिसतंय व्हय? परत."

दुसऱ्या खेपेला स्वप्ना कॉटच्या कोपऱ्याला धडकली. गुडघा चोळत ती थांबली, आईकडे पाहिलं. आईच्या तोंडावरची रेषही हलली नाही.

"परत."

हॉर्न लांबलचक वाजला. धर्मराज दारात आला. "आगं चल, मुकादम बोंबलायलाय. सगळे चढलेत."

"चढू दे."

तिने कमरेचा फडका सोडला. मोळी उचलताना डोक्याला गुंडाळायचा तो, उसाच्या चिकाने कडक झालेला. स्वप्नाचे डोळे त्याने बांधले, मागे गाठ मारली, तिला कॉटवर निजवलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली. बाकीच्या पोरी भिंतीला लागून गप्प उभ्या होत्या. स्वप्ना उठली. वाकली. एका हाताने भिंत चाचपत, दुसरा हात पुढे करून आली, कॉट चुकवला, दार सापडलं, आडणा सापडला. आडणा जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

शिवकन्येने लेकीच्या डोळ्यांवरचा फडका सोडला. तिच्या तोंडावरून एकदा हात फिरवला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. मग फडका कमरेला न बांधता तिने वनमालासमोर धरला.

"हा ऱ्हाऊ द्या हितंच."

"आणि तुमच्या डोक्याला?"

"बघू."

ती एवढं म्हणून निघाली. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, मग वडवणीच्या रस्त्याला लागल्याचा. स्वप्ना मागच्या दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती, आणि तिला कुणी आत बोलावलं नाही.

वनमालाने आडणा उचलून पुन्हा दाराला लावला. फडक्याला उसाचा आंबूस वास येत होता. भिंतीपाशी जी पोर सगळ्यात आधी दिसली, होरपळलेल्या वेणीची, तिला तिने जवळ बोलावलं.

"ये. झोप कॉटवर."